विमलबाईंचा आड

तुळजापूरला जायला म्हणून अणदूरच्या स्टँडवर उभी होते. उस्मानाबादहून आलेल्या गाडीच्या कंडक्टरनं मला ओळखलं आणि दारातूनच हाक मारली, "ताई, बेंबळीच्या विमलबाई गेल्या. काल माती झाली." एवढं सांगून त्यानं दोरी ओढली, घंटी वाजली आणि गाडी धूळ उडवत पुढं गेली. काल माती झाली आणि मला आज कळतंय... काविळीनं त्या सोलापूरच्या दवाखान्यात आहेत हे माहीत होतं. आदल्याच आठवड्यात भेटून आले होते. उठून बसल्या होत्या, मोसंबी सोलून मलाच खायला घालत होत्या. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती बाईंनी.

चार-पाच दिवसांनी जिल्ह्याच्या पेपरात बातमी आली. आतल्या पानावर, बोटभर. 'शांत व मनमिळाऊ स्वभावाच्या कलाशिक्षिका विमल बनसोडे यांचे अल्पशा आजाराने निधन.' शांत! तो पेपर मी चुरगाळून चुलीत घातला. विमलबाई शांत असत्या तर सुखानं जगल्या असत्या, आणि मला हा लेख लिहावा लागला नसता. शोकसभेत तर कहर झाला. आमच्या खेळणी संस्थेचे माजी चेअरमन, जे आता साखर कारखान्याच्या संचालक मंडळावर असतात, भाषणाला उभे राहिले आणि म्हणाले, "बाईंनी काही काळ आमच्या संस्थेत पॅकिंग विभागात सेवा केली." पॅकिंग विभागात! समोरच्यांना खरं काय ते माहीत नव्हतं, त्यांनी माना डोलावल्या. मी बोलायला उठले, तेवढ्यात सूत्रसंचालकानं सगळ्यांना दोन मिनिटं शांत उभं राहायला सांगितलं. शांतता या लोकांना फार आवडते. म्हणून जे तिथं बोलता आलं नाही ते इथं लिहिते.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते बहात्तरच्या दुष्काळात, रस्त्याच्या कामावर. आमची जमीन कोरडवाहू, त्या वर्षी पेरलेलं उगवलंच नाही. जमीन असलेले आणि नसलेले एकाच ओळीत खडी फोडायला बसले. सरकारी सुकडी खायची, मिलोच्या, म्हणजे परदेशी ज्वारीच्या, तांबड्या भाकरी खायच्या आणि हातोडी चालवायची. त्या ओळीत चष्मा लावलेली एक काळीसावळी मुलगी होती. बेंबळीची, बौद्ध घरातली, अणदूरला मामाकडं राहायला आलेली. चित्रकलेची परीक्षा पास झालेली, पण नोकरी नव्हती. दुपारच्या सुट्टीत ती कोळशानं दगडांवर माणसं काढायची, आणि ती माणसं ओळखू यायची.

कामावर प्यायला पाणी नव्हतं म्हणून मुकादमानं जवळच्या शेतातला एक कोरडा आड खोल करायला घेतला. मी आणि विमल एकाच दोरीवर होतो. आतला मुरूम टोपलीनं वर ओढायचा, ओतायचा, टोपली परत खाली सोडायची. तळहाताची सालटी निघाली. मग एके दिवशी आतला माणूस ओरडला, "लागलं! पानी लागलं!" माणसं अक्षरशः नाचली. पहिली घागर वर आली तशी विमल पुढं झाली, आणि एक म्हातारी म्हणाली, "तू मागं सर गं पोरी. तुमाला वरून वाढतेत मागनं." मुकादम बिडी ओढत दुसरीकडं बघत राहिला. विमलनं आपले सोललेले हात त्या म्हातारीपुढं धरले. "दोरी वढताना न्हाई म्हनला मागं सर? तवा चालले हे हात, आन् पानी लागल्यावर बाटले व्हय?" आणि तिनं स्वतःच घागर कडेला ओढली, ओंजळीत पाणी घेतलं आणि प्याली. निम्म्या बायका त्या दिवशी तहानेल्या घरी गेल्या. मी प्यायले. घरी आईनं बोल लावला, पण आमची मैत्री त्या दिवसापासूनची.

दुष्काळ सरल्यावर दोन-तीन वर्षांत अणदूरला खेळणी करणाऱ्यांची सहकारी संस्था निघाली. तेव्हा सहकाराचं वारंच होतं, जो तो संस्था काढत होता. पत्र्याचं एक शेड, लाकूड फिरवून तासायचे दोन खराद, लिंबाच्या आणि आंब्याच्या लाकडाचे ढीग. सुरुवातीची सगळी खेळणी नामदेव मिस्त्रींची. मिस्त्री गाडे करणारे सुतार. त्यांचा भोवरा, पांगुळगाडा, चाकावरचा बैल असा दणकट की पोर मोठं व्हायचं पण खेळणं झिजायचं नाही. मात्र रंग नाही की डोळे नाहीत. "लाकडाला रंग कशाला? लाकूडच हाय की ते," असं म्हणायचे. माल पडून राहू लागला तेव्हा पहिल्या चेअरमननी, ते बिचारे साधे शाळामास्तर होते, विमलबाईंना नमुना विभागाचं प्रमुख केलं. कोणतं खेळणं करायचं, कसं करायचं, हे आता त्या ठरवणार. मिस्त्रींचा पारा चढला. आठवडाभर ते बाईंशी बोलले नाहीत. मग एके सकाळी बाईंनी एक चित्र त्यांच्या खरादावर ठेवलं. गोल आड, वर फिरणारा रहाट, काठावर आठ भोकं आणि त्या भोकांत खुंटीसारखी बसणारी आठ माणसं. मिस्त्रींनी चित्र उलटसुलट करून बघितलं.

"भोकं लहानमोठी का सारखी?"

"सारखी."

"समदी?"

"समदी. कुनीबी कुठंबी बसलं पायजे."

मिस्त्रींनी जरा वेळ त्यांच्याकडं बघितलं आणि म्हणाले, "मग लई सोपं हाय. एकाच गिरमिटानं पाडतो."

मी रंगकामाला होते. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवली की रंग वितळून अंगभर चढतो. घागरवाली बाई, काठी टेकणारा म्हातारा, कडेवर भाऊ घेतलेली पोर, धनगर, दप्तरवाली मुलगी... एकेक रंगवत गेले आणि चेहऱ्यापाशी थांबले. बाजारातल्या बाहुल्या गुलाबी असायच्या. मी विचारलं, "बाई, चेहऱ्याला कुठला रंग देऊ?" त्या म्हणाल्या, "आरशात बघ, आन् लाव." मी हसले आणि लाखेत काजळी मिसळून आमच्या अंगाचा रंग तयार केला. त्या रंगाची बाहुली मी जन्मात पाहिली नव्हती.

आड खपला, चांगलाच खपला. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत, तुळजापुरात, अणदूरच्या खंडोबाच्या यात्रेत पोरं त्याच्यापुढून हलायची नाहीत. बालवाड्यांनी घेतला. बाईंनी मग त्याच मापाच्या खुंटीवर आणखी माणसं काढली. खडी फोडणारी बाई, टँकरचा ड्रायव्हर, नर्स, पोस्टमन. जुन्या आडावर नवीन माणूस बसायचाच, कारण भोक तेच. दर वर्षी आडावर कोणीतरी नवीन यायचं आणि पोरं ते विकत घ्यायला थांबलेली असायची. सात-आठ वर्षं हे चाललं. मिस्त्रींचा दणकटपणा त्यात होता आणि बाईंची माणसं होती. माझ्या आयुष्यातली ती चांगली वर्षं होती, आणि ती कोणी घालवली हे मला नेमकं माहीत आहे.

चेअरमन बदलले. नव्यांना संस्था मोठी करायची होती, म्हणजे स्वतः मोठं व्हायचं होतं. त्यांनी पुण्याहून एक सल्लागार आणला आणि नमुना विभाग त्याच्या हाती दिला. बाईंना न विचारता, न सांगता. बाई सकाळी आल्या तर त्यांच्या टेबलावर त्याची बॅग होती. त्यांना पॅकिंगला बसवलं. म्हणजे चेअरमन शोकसभेत खोटं बोलले नाहीत. त्यांनी खऱ्याचा एक तुकडा उचलला आणि बाकीचं खाली पुरलं.

महिन्याभरात नवा आड तयार झाला. सल्लागारांनी तो सगळ्यांसमोर टेबलावर ठेवला. चेहरे गुलाबी. बायकांना नथी, घागरीला सोनेरी वर्ख. भोकं लहानमोठी, आणि प्रत्येक माणसाची खुंटी वेगळ्या जाडीची. सर्वांत मोठं भोक रहाटाशेजारी, ते फेटेवाल्या पाटलाचं. मग पाटलीण, मग सावकार, मग पुजारी, असं उतरत उतरत. सात भोकं आणि माणसं आठ. आठवी झाडूवाली. तिला खुंटीच नव्हती. ती आडापासून वेगळी, सपाट बुडावर उभी करायची. खोक्यावर छापलं होतं, 'आपलं गाव! प्रत्येकाला आपली जागा!'

सल्लागार समजावू लागले. मुलांना लहान-मोठं कळावं, कुणाची जोडी कुठं बसते ते हातानं शोधावं, हे शैक्षणिक खेळणं आहे, परदेशात असंच असतं. बाई पॅकिंगच्या कोपऱ्यातून उठून आल्या. त्यांनी झाडूवाली हातात घेतली.

"ही पाणी कुठनं पिणार?"

"अहो बाई, खेळणं आहे हे."

"खेळणं आहे म्हणूनच विचारते. मोठ्यांना विचारून दमले."

चेअरमन म्हणाले, "बाई, तुम्हाला सगळीकडं तेच दिसतं."

"तुम्ही सगळीकडं तेच करता, म्हणून दिसतं," बाई म्हणाल्या. झाडूवाली त्यांनी टेबलावर ठेवली नाही, मुठीत तशीच घेऊन कोपऱ्यात जाऊन बसल्या. सल्लागारांचा चेहरा खरोखर गोंधळलेला होता. आजही मला वाटतं की त्या माणसाला आपण काय केलं ते कळलंच नव्हतं. पण म्हणून मी त्याला माफ करावं? आडावरून माणूस हाकलताना ज्याच्या लक्षातसुद्धा येत नाही, त्याचा मला जास्त राग येतो. चेअरमनना मात्र सगळं कळत होतं. ते गावातलेच होते.

गड्ड्याची यात्रा जवळ आली होती. नव्या आडांचा पहिला मोठा माल शेडमध्ये रचून ठेवलेला. बाजारच्या दिवशी संस्था बंद असायची आणि चेअरमन सोलापूरला गेले होते. दुपारी बाईंनी मला बोलावलं. शेडमध्ये गेले तर नामदेव मिस्त्री आधीच गिरमिट घेऊन बसलेले. "चला," म्हणाले, "समद्यास्नी सारखी जागा करू." आम्ही खोकी उघडली. मिस्त्रींनी प्रत्येक भोक पाटलाच्या मापाचं केलं आणि आठवं भोक नव्यानं पाडलं. झाडूवालीला खालून खुंटी ठोकली. बारीक खुंट्या मोठ्या भोकांत खुळखुळायला लागल्या, तेव्हा बाईंनी आपलं जुनं लुगडं फाडलं. त्याच्या चिंध्या सरसात बुडवून मी एकेका खुंटीला गुंडाळत गेले. पत्रा तापलेला, सरसाचा उग्र वास, घामानं अंग निथळत होतं. मिस्त्री एका झाडूवालीला पाटलाच्या जागी बसवून म्हणाले, "बघा, बसली का न्हाई ठासून?" आणि आम्ही तिघं पोट धरून हसलो. वेळ मिळाला नाही, नाहीतर मी चेहरेसुद्धा बदलले असते.

तो माल गड्ड्यात गेला आणि विकला गेला. नंतर कुठल्याशा दुकानदारानं खुंट्यांना चिंध्या का, असं विचारलं आणि सगळं बाहेर आलं. चेअरमननी सभासदांची सभा लावली. 'संस्थेच्या मालाची नासधूस' असा ठराव. त्यात नाव फक्त बाईंचं. मिस्त्री उठून म्हणाले, "भोकं म्या पाडली. माझं बी नाव घाला." चेअरमन म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही वडीलधारे. बसा खाली." मीही उभी राहिले, चिंध्या मी गुंडाळल्या म्हणाले. मलाही बसवलं. सुताराला काढायचं नव्हतं आणि मला, वाण्याच्या पोरीला, काढलं तर माझ्या भावकीची मतं जाणार होती. काढायला सोपी एकच होती. ठरावाच्या बाजूनं हात वर झाले. ज्या बायकांना बाईंनी सही करायला शिकवलं त्यांचेसुद्धा. मी त्यांच्याकडं एकेकीकडं बघत राहिले, कुणी वर पाहिलं नाही. विरोधात दोन हात होते, मिस्त्रींचा आणि माझा. बाईंनी चष्मा पुसला, परत लावला, आणि म्हणाल्या, "नंदा, येते मी." बस्स. मी त्यांच्या मागं दारापर्यंत गेले आणि दुसऱ्या दिवसापासून कामावर गेले नाही.

नंतर बाईंना बेंबळीच्या शाळेत नोकरी लागली. इकडं सल्लागार दोन वर्षांत कंटाळून परत गेले. त्यांच्या जागी आलेल्यानं लाकूड महाग पडतं म्हणून प्लॅस्टिकचा आड आणला. त्याचा रहाट पहिल्याच दिवशी तुटायचा. शेवटी शेवटी आडही गेला, नुसती पिस्तुलं आणि शिट्ट्या. नामदेव मिस्त्री वारले. संस्था बुडाली, त्या शेडमध्ये आज खताची पोती आहेत. चेअरमन मात्र बुडाले नाहीत. अशी माणसं संस्था बुडवून तरंगायला शिकलेली असतात.

गेल्या हिवाळ्यात मी स्वयंपाक करत होते आणि रेडिओ लागला होता. पुण्यातल्या एका खेळण्यांच्या प्रदर्शनाबद्दल मुलाखत चालू होती, आणि तो आवाज मी ओळखला. त्याच सल्लागाराचा सत्कार झाला होता. आडाचा खेळ त्यानं पुन्हा बाजारात आणला होता, आणि आता त्याची भोकं सारखी होती. तो सांगत होता, "खेळण्यातून समता मांडावी हे मला मराठवाड्यात काम करतानाच सुचलं." माझी भाकरी तव्यावर करपली. दुसऱ्या दिवशी मी बेंबळी गाठली आणि बाईंना सगळं सांगितलं. सांगताना मीच रडत होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "चेहरे कसे आहेत?"

त्यांच्या शाळेतल्या एका शिक्षकानं तो खेळ पुण्याहून आणला होता, तो आम्ही मागवून बघितला. गुलाबी. आठही गुलाबी.

बाईंचा आवाज चढला. "नाव घेईना का माझं. नावाचं मी सोडून देते. पण चेहऱ्याचं सोडणार न्हाई. गोरं झाल्याशिवाय आडावर बसता येत न्हाई, असं शिकवतोय हा पोरांना, आन् वर समता म्हनतोय!" मेच्या सुट्टीत पुण्याला जाऊन त्याला समोरासमोर गाठायचं असं त्यांनी ठरवलं. मी बरोबर जाणार होते. मेमध्ये त्या दवाखान्यात होत्या. मोसंबी सोलता सोलता म्हणाल्या, "दिवाळीत जाऊ गं. तो कुठं पळून जातोय..."

मागच्या आठवड्यात मी बेंबळीला गेले. बाईंची आई एकटीच असते आता. ओसरीवर बसलो होतो तेवढ्यात दारात जीप थांबली. चेअरमन उतरले. मला बघून क्षणभर थबकले, मग आईंना नमस्कार करून म्हणाले, "आई, विमलबाईंच्या नावानं कारखान्यातर्फे शाळेतल्या मुलांना चित्रकलेचं बक्षीस ठेवतोय. आपले पुण्याचे सल्लागार साहेब स्वतः येणार आहेत बक्षीस द्यायला. कार्यक्रमात लावायला बाईंचा एखादा फोटो पाहिजे होता."

आईंना कमी दिसतं. आवाजाच्या दिशेनं त्यांनी मान वळवली.

"फोटू हाय," त्या म्हणाल्या. "पर तुमाला देनार न्हाई. माझी पोर आठ वर्सं तुमच्या डोळ्याम्होरं व्हती, तवा तुमाला ती दिसली न्हाई. आता कागदावर बघून काय करता?"

चेअरमन माझ्याकडं वळले. "ताई, तुम्ही तरी समजावून सांगा यांना."

"त्यांना समजलंय," मी म्हणाले.

जीप गेली. शाळेची वेळ होत आली होती. रस्त्यानं जाणारी पोरं एकेक करून ओसरीपाशी येऊन थांबली, हातात पेन्सिली धरून. बाई रोज सकाळी उंबऱ्यावर बसून सगळ्यांच्या पेन्सिलींना टोक करून द्यायच्या, मग पोरांबरोबर शाळेत जायच्या. बाई गेल्यावरही पोरं यायची थांबली नव्हती. आईंनी चाचपडत कोनाड्यातलं अर्धं ब्लेड काढलं, पदर गुडघ्यावर पसरला आणि पहिली पेन्सिल हातात घेतली. बोटानं शिसं चाचपायचं, जरा तासायचं, पुन्हा चाचपायचं. ढलप्या पदरात पडत होत्या. मी मदतीला हात पुढं केला तर त्यांनी तो बाजूला सारला. शेवटची पेन्सिल देऊन झाली, तरी ब्लेड हातातच धरून त्यांनी रस्त्याकडं मान वर केली आणि मोठ्यानं विचारलं,

"आनखी कुनाची ऱ्हायलीय का रं?"